मांडवाची उंची

त्या मंगळवारीही अण्णा, माझे वडील, नऊ चाळीसलाच आले. जिन्यातल्या पावलांवरून मला कळायचं. पहिल्या मजल्यापर्यंत सरळ, मग वळणावर एक थांबा, तिथे ते पिशवी या हातातून त्या हातात घ्यायचे, आणि मग उरलेल्या पायऱ्या जरा सावकाश. दार मी उघडंच ठेवायचे. उठून कडी काढायला मला तेव्हा दीड मिनिट लागत असे, आणि आपल्यासाठी हिला उठावं लागलं या विचाराने ते आत येऊनही बराच वेळ अवघडल्यासारखे बसत. चपला भिंतीला लावून ठेवल्या, पिशवीतून केळफूल, चार लिंबं आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली अळूची पानं काढून ओट्यावर मांडली, हात धुतले, मनगटावरचं घड्याळ सोडून टीपॉयवर ठेवलं आणि पलंगाच्या पायथ्याशी स्टूल ओढून बसले. "काय, आज गुडघा किती डिग्री?" "काल एकशे आठ." "एकशे आठ म्हणजे माणूस दवाखान्यात पाहिजे." हा विनोद ते रोज करत, फक्त आकडा बदलून. मग माझी टाच उजव्या तळहातात घेत, डावा हात गुडघ्याच्या खाली. घड उतरवताना खालून जसा हात देतात, तसाच. झाडावरून सुटलेल्या घडाला जमीन लागता कामा नये, नाहीतर केळ्यावर काळा डाग पडतो. पाच आठवडे आणि चार दिवस त्यांनी माझ्या पायाला तसं धरलं होतं.

त्या दिवशी वेगळं काहीच झालं नाही. मी पुन्हा पुन्हा तो दिवस उलटापालटा करून पाहिला आहे, आतून काहीतरी पडेल म्हणून. पडत नाही. दहा वेळा वाकवला, दहा वेळा सरळ केला. सातव्या वेळेला दुखलं म्हणून मी ओठ दाबला, त्यांनी लगेच हात सैल सोडला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "त्या समोरच्या बाईंनी आज पण चादर तशीच उलटी वाळत घातलीय." चहा झाला. बशीत ओतून ते फुर्र आवाज करत प्यायले आणि मला त्या आवाजाचा त्रास झाला, हेही मला आठवतं. मला ऑफिसचा फोन घ्यायचा होता. साडेअकराला ते उठले. घड्याळ बांधलं. दारात उभं राहून, चपलेत एक पाय घालून, रोजचं वाक्य म्हणाले, "मांडवावर तुला चढवायला नको होतं मी." मी रोजचं उत्तर दिलं, "असू दे हो अण्णा." "उद्या दुधी आणतो." आणि उतरले. उतरताना वळणावर थांबत नसत.

मनवेलपाड्यातल्या माझ्या घरापासून शेअर रिक्षा, पुलावरून पश्चिमेला, तिथून गावी, वटारला जाणारी बस. दीडच्या सुमारास ते घरी पोचले असतील. साडेतीनला शेजारच्या वाडीतल्या प्लासिडकाकांनी त्यांना केळीच्या वाडीत काम करताना पाहिलं. सहाला काकांचा मला फोन आला. अण्णा मांडवाच्या खांबाला टेकून बसले होते, मांडीवर पातीचा हारा, म्हणजे टोपली, आणि काकांनी बांधावरूनच दोन वेळा हाक मारली, तिसऱ्यांदा मात्र मारली नाही.

मी पुस्तकं वाचत वाढलेली बाई आहे. पुस्तकांत माणसं वेळेवर बोलतात, किंवा उशिरा बोलतात आणि तो उशीरही नीट बेतलेला असतो. माझ्या हातात 'असू दे' हे दोन शब्द उरले. ते मी पाच आठवडे आणि चार दिवस रोज एकदा वापरले. त्यांत खोटं काही नव्हतं, आणि तरी त्यांच्याइतकं खोटं मी आयुष्यात दुसरं बोललेले नाही. कारण माझा गुडघा त्यांनी मला मांडवावर चढवलं म्हणून गेलाच नव्हता. तो त्याच्याही दोन महिने आधी, डिसेंबरात, ऑफिसच्या वार्षिक खेळांत गेला होता. बॅडमिंटन. चव्वेचाळिसाव्या वर्षी कुणी उडी मारून शटल घ्यायला सांगितलं नव्हतं. खाली आले तेव्हा आत ओली काठी मोडावी तसं काहीतरी झालं आणि पाय माझा राहिला नाही. एमआरआय झाला. डॉक्टरांनी पडद्यावर पांढऱ्या-काळ्या ढगांत पेन्सिल फिरवून दाखवलं, इथे दोरी असायला हवी, ती नाहीये. शिडी नको, उकिडवं बसणं नको, ऑपरेशनचा विचार करा. मी विचार करते म्हणाले, रिपोर्ट फाइलमध्ये घातला आणि कुणालाच सांगितलं नाही. सांगायचं कुणाला हाही प्रश्नच होता. आई जाऊन नऊ वर्षं झालेली. मी एकटी राहते. अण्णांचा फोन दर रविवारी संध्याकाळी. "बरी आहेस ना?" "हो. तुम्ही?" "मजेत." एवढ्या फोनमध्ये लिगामेंट बसत नाही.

फेब्रुवारीतल्या त्या रविवारी मी वटारला गेले होते, वर्षातून चार-पाच वेळा जायची तशी. राजेळी केळ्यांचा हंगाम होता, मांडवावर सोललेली केळी सुकेळ्यांसाठी वाळत पसरलेली. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते: घड पिकवून केळी सोलतात, उंच मांडवावर चटयांवर ओळीने मांडतात, दिवसभर ऊन, मधे एकदा उलटायची, संध्याकाळी गोळा करून पानांत गुंडाळून ठेवायची, सकाळी परत मांडायची. आठवडाभर. एकदा मांडली की थांबता येत नाही. लग्न असो, ताप असो, ऊन पडलं की मांडायची आणि ऊन उतरलं की उचलायची. आमचा मांडव माझ्या आजोबांनी घातलेला, मोठ्या माणसाच्या डोक्यावर एक वीत, म्हणजे कोंबड्या आणि कुत्री पोचत नाहीत आणि अर्नाळ्याकडचा वारा मोकळा मिळतो. शिडी लावून चढायचं. मोठ्या माणसाचं वजन त्याला पेलत नाही, म्हणून वर जायचं काम मुलांचं. आमच्या घरात मूल एकच.

सहाव्या वर्षापासून अकराव्या वर्षापर्यंत मी त्या मांडवावरची होते. असं म्हणताना मला अजून जरा ताठ बसावंसं वाटतं. गुडघ्यांवर आणि तळहातांवर चालायचं, पाय बांबूवरच पडला पाहिजे, चटईवर नाही. केळी बोटांनी उचलून उलटायची, दाबायची नाहीत. हातांना येणारा तो चिकट गोड वास तीन-तीन दिवस जात नसे, शाळेत माझी वही मुंग्यांना सापडायची. वरून केळीच्या झाडांचे शेंडे समोर दिसत, फाटलेली पानं पाठमोरी, आणि पलीकडे नारळांच्या फटीतून समुद्राची एक बोटभर रेघ. अण्णा मला वरून दिसायचे ते फक्त विरळ केस, कान आणि वर केलेले दोन हात, त्यांवर टोपली. "सरकव." मी सरकवायचे. "उजवीकडची राहिली." मी रांगत जायचे. जमिनीवर ते माझ्याशी फार बोलत नसत. बाप म्हणून काय बोलायचं ते त्यांना माहीत नव्हतं. पण मांडवावर मी असले की आमच्यात काम होतं, आणि कामाच्या आधाराने ते बोलत. आईला पहिल्यांदा बघायला गेले तेव्हा तिने चहात मीठ घातलं आणि हे मुकाट्याने प्याले, ही गोष्ट मला मांडवावर कळली. अकराव्या वर्षी एका दुपारी एक बांबू करकरला. अण्णांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "आता तू खाली ये गं. मोठी झालीस." मी शिडीने उतरले. ते चांगल्यासाठीच म्हणाले होते. पण मी मग घरात जाऊन पुस्तक उघडलं, आणि एका अर्थी अजून त्यातून बाहेर आले नाही. वर चढायला पुढे शेजारची मुलं येऊ लागली, नंतर तीही येईनाशी झाली, आणि अण्णा शिडीवर उभं राहून हात पोचेल तेवढाच मांडव वापरू लागले.

म्हणून त्या रविवारी मळभ आलं, वारा फिरला, आणि अण्णांनी शिडीपाशी उभं राहून घराकडे तोंड करून हाक मारली, "क्षिती, चढतेस का गं? पलीकडची माझ्या हाताला येत नाहीत," तेव्हा मी नाही म्हणू शकले नाही. मला नाही म्हणायचं आठवलंच नाही. मी बारीक आहे, नव्या बांबूंनी मला पेललं. मी रांगले. डाव्या गुडघ्यात कळ येत होती ती मला कुणा दुसऱ्याची वाटत होती. पलीकडे नवीन इमारती झाल्या आहेत, समुद्राची रेघ आता दिसत नाही, पण मी ती असायची त्या जागेकडे पाहिलं. खालून दोन हात, टोपली, "सरकव." सगळी केळी उतरवून मी शिडीवर आले, दुसऱ्या पायरीवर डावा पाय टेकला आणि आतली नसलेली दोरी नाहीच धरू शकली. पडले तीन फुटांवरून. ओरडले मात्र खूप. अण्णा टोपली टाकून धावले. त्यांनी टोपली टाकली, हे मी पाहिलं; केळी मातीत गेली. "मी चढवली तिला," ते प्लासिडकाकांना सांगत होते, "मी चढवली." मला दुखत होतं म्हणून मी तेव्हा बोलले नाही. हे कारण साधारण दोन दिवस चालण्याजोगं होतं.

पुढे काय झालं ते असं. डॉक्टर म्हणाले आता गुडघ्यातली गादीही फाटलीय, आता थांबू नका. ऑपरेशनच्या दिवशी माझी फाइल अण्णांकडे होती. साडीच्या दुकानातल्या पिशवीत घालून, मांडीवर ठेवून, वर दोन्ही हात ठेवून ते हॉस्पिटलच्या बाकावर बसले होते. फाइलमध्ये डिसेंबरचा रिपोर्ट होता, वर तारीख छापलेली. त्यांनी ती कधी उघडली नाही. इंग्रजी कागद उघडून बघणं हे त्यांना दुसऱ्याच्या कपाटात हात घालण्यासारखं वाटत असणार. मला आत नेताना त्यांनी विचारलं, "घाबरली नाहीस ना?" आणि पिशवी छातीशी धरली. तीन दिवसांनी मला घरी सोडलं आणि चौथ्या दिवशी नऊ चाळीसला जिन्यात पावलं वाजली. मी म्हटलं, "अण्णा, एवढ्या लांबून कशाला? बाई ठेवलीय मी." "बाईने चढवलं होतं का तुला?"

तेव्हा सांगायला हवं होतं. तोंडात आलं होतं. पण त्यांनी पिशवीतून केळफूल काढलं, विळी कुठे असते विचारलं, तळहाताला तेल लावून ते सोलायला बसले आणि सोलता सोलता म्हणाले, "तुझ्या आईला केळफुलाचा कंटाळा होता, फक्त सांगत नसे." मांडवावर बोलायचे तसे. तेहतीस वर्षांनी. मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशीही गप्प बसले. मग माझ्या लक्षात आलं की मी सांगितलं तर ते सुटतील, आणि सुटले तर रोज येणार नाहीत. आठवड्यातून एकदा येतील, मग रविवारचा फोन. माझ्या घरात चहानंतर कुणीतरी वर्तमानपत्र तोंडावर घेऊन घोरत होतं. ओट्यावर पालथी घातलेली एक कपबशी माझी नव्हती. म्हणून मी त्यांना रोज एका चुकीची माफी देत राहिले. ती चूक त्यांची नव्हती, आणि माफी देताना माझा आवाज मऊ व्हायचा, हे सगळ्यांत वाईट.

हेमांगी, माझी फिजिओथेरपिस्ट, आठवड्यातून दोनदा यायची. विशीतली मुलगी, बोलायला फटकळ. ती अण्णांना म्हणायची, "काका, जोर नाही लावायचा हां. गुडघा आहे, नळ नाही." तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "ताई, तुमच्याच मांडीतली शीर काढून आत बसवलीय. ती आत गेल्यावर आधी मरते. मग हळूहळू शरीर तिच्यात रक्त पाठवतं आणि तिला आपली करतं. सहाव्या आठवड्यापासून बाराव्यापर्यंत ती सगळ्यांत कच्ची. आणि लोचा काय होतो, नेमकं तेव्हाच पेशंटला बरं वाटायला लागतं. दुखत नाही, सूज नाही, मग माणूस नाचायला जातो. परत तुटली तर पहिल्यासारखी होत नाही, सांगून ठेवते." अण्णांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने सहाव्या आणि बाराव्या आठवड्याला फुल्या मारल्या होत्या. पहिली फुली एका बुधवारी होती. दुधीचा बुधवार.

तर कच्चे आठवडे सुरू झाले तेव्हा मी वटारच्या घरात, ओटीवर, प्लास्टिकच्या खुर्चीत, समोर दुसऱ्या खुर्चीवर पाय ठेवून बसले होते आणि लोक येत होते. प्रत्येक जण आधी माझ्या चेहऱ्याकडे आणि मग गुडघ्यावरच्या पट्ट्याकडे बघे. "जप गं बाई," "खाली नको बसूस," "एक गेलं, आता हे नको." मी जपत होते. मला दुसरं काही करताच येत नव्हतं असं म्हटलं तरी चालेल. रात्री कुशीवर वळताना आधी हाताने गुडघा धरायचा आणि मग अंग वळवायचं. न्हाणीत ओल्या लादीवर पाय ठेवायच्या आधी बोटांनी चाचपायचं. दर पावलाला मी आतला आवाज ऐकत होते, तो ओल्या काठीचा आवाज, आणि तो आला नाही की पुढचं पाऊल. माणूस गेलेल्या घरात मी माझ्या गुडघ्याचं ऐकत बसले होते. स्मशानात शत्रुघ्नदादा, माझा चुलत भाऊ, मडकं पुढे करून म्हणाला, "तू घे. तुझा हक्क आहे. आम्ही दोघं बाजूने धरतो." जमीन उंचसखल होती, पाणी सांडून चिखल झालेला. तीन फेरे. मी म्हटलं, "गुडघा." एवढंच. दादाने मडकं स्वतःच्या खांद्यावर घेतलं. कुणी वाईट वाटून घेतलं नाही. एका शब्दात सगळ्यांचं समाधान झालं, आणि तो शब्द किती कामाचा आहे हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं?

मागच्या दाराने मी वाडीत गेले नाही तेही त्याच शब्दाने. दारापासून मांडव शंभर पावलं. वाटेत पाण्याचा पाट, त्यावर नारळाचं खोड आडवं टाकलेलं, वर्षानुवर्षं पायांनी घासून गुळगुळीत झालेलं. बारा दिवस मी त्या खोडाकडे बघून आत वळत होते. अण्णा जिथे बसलेले सापडले ती जागा मला बघायची नव्हती, आणि त्यासाठी खोड पुरेसं होतं.

तेराव्याचं जेवण झालं, पातेली गेली, मंडळी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी प्लासिडकाका आले. अण्णांच्या वाडीला लागून त्यांची वाडी. दोघं पहिलीपासून एका बाकावरचे. ते दारातूनच म्हणाले, "क्षिती, चल. बापसाचा माल तयार झालाय, सोपटात बांधाचा हाय."

सोपट म्हणजे सुकेळी गुंडाळायचं केळीचं वाळलेलं साल, पण बाकीचं मला कळेना. "कुठला माल?"

"कुठला काय? त्या दिवशी मांडलेली केली. तुमाला सुतक, मला कसला सुतक? मी मांडली, मी उलटली, आमची जीना सांजची गोला करीत होती. ऊन कोनासाठी थांबतं काय? पयला घाना झाला, माघारी पिकत ठेवलेला घड होता तो पन मांडला." काकांनी टोपी काढून पुन्हा घातली. "पन बांधाला घरचा मानूस पायजे. चल."

"काका, माझा गुडघा…"

"दोन पाय माजे, एक तुजा चांगला. तीन झाले. स्टूल पन तिनावर उभा राहतो."

मी उठले. का उठले ते मला सांगता येत नाही; बहुधा बारा दिवस त्यांनी केलेल्या कामापुढे तो शब्द मला पुन्हा उच्चारवला नाही. मागचं दार. पायरी उतरताना आधी दुखरा पाय, हेमांगीने शिकवलं तसं. जमीन ओली होती, पाणी सोडलेलं. केळीच्या गळालेल्या पानांखाली काय आहे दिसत नव्हतं, म्हणून काठीने पान सरकवायचं, माती बघायची, मग टाच, मग चवडा. शंभर पावलांत मी कदाचित अर्धा तास घेतला असेल, कदाचित दहा मिनिटं. काका पुढे जाऊन थांबत आणि उगाच एखाद्या झाडाकडे बघत. खोडापाशी आल्यावर त्यांनी हात दिला. त्यांचा हात अण्णांच्या हातासारखाच होता, केळीच्या चिकाने कायमचा काळवंडलेला. दोन पावलं गेले. तिसऱ्याला डावी टाच सरकली.

सरकली किती? दोन इंच. पण त्या दोन इंचांत मी आवाजाची वाट पाहिली. सगळं अंग कानासारखं झालं. मनात ऑपरेशन टेबलवरचा पांढरा दिवा येऊन गेला, पुन्हा बारा आठवडे, पुन्हा ते कॅलेंडर, आणि या वेळी फुल्या मारायला कुणी नाही. आणि त्याच्याही मागून, अगदी बारीक, हा विचार आला की आता पडले तर कोणाचं नाव घेणार? मग कळलं की पाय थांबलाय. आतल्या त्या मेलेल्या, अजून आपल्या न झालेल्या दोरीने धरलं होतं. आवाज आला नाही. काका म्हणाले, "बघ, धरलान." मी पलीकडे गेले.

मांडव मला दिसलाच नाही. मी डोक्याच्या उंचीवर शोधत होते. मग नजर खाली आली. केळी माझ्या कमरेला होती. चटया त्याच, ओळी त्याच, सकाळच्या उन्हात ओली केळी चमकत होती, पण सगळं माझ्या कमरेला, हात पसरला तर पलीकडच्या ओळीपर्यंत पोचेल असं. खांब खालून कापलेले. भोवतीने अर्नाळ्याचं जुनं मासळीचं जाळं ताणून बांधलं होतं, कोंबड्या येऊ नयेत म्हणून, प्रत्येक गाठ अण्णांची, दुहेरी. आणि बाजूला, बांधाला लावून, खांबांचे कापलेले तुकडे एकावर एक रचून ठेवले होते. सगळे सारखे. साडेतीन-चार फुटी. मी मोजले. बारा.

"हे कधी?"

"तुजा ऑपरेशन झाला ना, त्याच्यानंतर. सकाली तुज्याकडं, दुपारी परत आला का करवत. एक दिवस एक खांब. मी बोललो, जयवंता, ह्या मांडव हाय का डायनिंग टेबल? तर बोलला, आता वरती कोन चढनार नाय. मी बोललो, पोरं ठेव, मानूस ठेव. नाय. वारा लागत नाय खाली, माल उशिरा वालतो, जाल्याखालून मांजर शिरते, सगला त्याला माहीत. पन ऐकलं नाय. शेवटचा खांब त्या सोमवारी कापला." काकांनी एक केळं उलटलं, मग त्याच्या शेजारचं. "मंगलवारी पयल्यांदा मांडली ह्याच्यावर. खूश होता. मला बोलला, आता क्षिती आली का खुर्चीवर बसून उलटेल."

खुर्ची तिथे होती. लाकडी, घरातली, आईची, चार पायांखाली फरशीचे तुकडे घालून समतल केलेली. मी तीत बसले. पाय सरळ ठेवायला समोर ओंडका होता, त्यावर गोणपाट घडी करून ठेवलेलं. त्याची उंची माझ्या पायाला बरोबर होती. तेवढी उंची त्यांना कशी कळली असा मूर्ख प्रश्न माझ्या मनात आला. पाच आठवडे आणि चार दिवस ती टाच त्यांच्या तळहातात होती. मी हात पुढे केला, एक केळं बोटांनी उचललं, न दाबता, आणि उलटलं. खालची बाजू अजून फिकी होती. वास आला. तोच. इथून केळीचे शेंडे दिसत नव्हते, दिसत होती नुसती खोडं, आणि खोडांच्या मधून ओली सावली. वर जिथे मी रांगायचे, तिथे आता नुसती हवा होती. तिथून कुणी खाली हात मागत नव्हतं, खालून कुणी टोपली वर करत नव्हतं. माझ्या न बोललेल्या एका वाक्यासाठी त्यांनी त्यांच्या वडिलांचा मांडव उतरवला होता.

बांधायचं नंतर; काका पलीकडच्या बाजूला उभे राहून दुसरा घाणा उलटत होते. एक ओळ उलटून झाली. मग त्यांनी मान वर न करता विचारलं, "तू त्याला बोलली होतीस ना, असू दे म्हनून?"

"हो."

"रोज मला सांगायचा. क्षिती असू दे बोलली. पोरगी मोठ्या मनाची हाय." त्यांनी पुढचं केळं उचललं. "तेवढं बरं झालं. मनात घेऊन नाय गेला."

इथे 'हो' म्हणून थांबता आलं असतं. म्हातारा माणूस मला ते आयतं देत होता, आणि त्याला स्वतःलाही ते हवं होतं. माझ्या बोटांना केळ्याचा चीक लागला होता. मी गुडघ्याकडे पाहिलं. तो शांत होता, त्याचं काही म्हणणं नव्हतं. मी त्या कापलेल्या तुकड्यांकडे पाहिलं आणि मग ज्या खांबाला टेकून ते बसले होते त्याच्याकडे. कुठला ते मला कुणी सांगितलं नव्हतं. एका खांबापाशी मात्र माती बसून चोपली गेलेली होती, तिकडे तोंड करून मी बोलले. मोठ्याने, कारण हळू बोलले असते तर ते पुन्हा पुस्तक मनात वाचल्यासारखं झालं असतं.

"अण्णा, तुम्ही चढवलंत म्हणून नाही पडले मी. गुडघा डिसेंबरातच गेला होता. ऑफिसात, खेळताना. रिपोर्ट त्या फाइलमध्ये होता, तुमच्या मांडीवर."

काकांचे हात थांबले. पाटातलं पाणी चालू होतं.

"तुम्ही रोज यावंत म्हणून मी सांगितलं नाही."